खिसे तपासून द्यावेत

हमरियात, दुसऱ्या गल्लीच्या तोंडाशी आमची लॉन्ड्री.
दारावर चार भाषांत रंगवलंय:
खिसे तपासून द्यावेत. मागाहून तक्रार चालणार नाही.
पाचवी माझी, खडूने, मालक सुट्टीवर गेला तेव्हा लिहिलेली.
वाचणारा मी एकटाच.

आधीचा शुर्ता गाडीतून यायचा.
काच अर्धी खाली, दोन बोटं बाहेर: बताका!
बशीर त्याला पताका म्हणतो,
आणि खरंच, हात वर करून तसंच उभं राहायचं
भर उन्हात, वारा नसताना.

हा नवा पायी येतो.
पोट थोडं सुटलेलं, बुटाची डावी टाच झिजलेली.
शंबे, म्हणजे बलुचीत शनिवार.
मी म्हटलं, आमच्या साखरप्यालाही आहेत, सोमा, बुध्या,
एक मंगळीसुद्धा होती,
शनिवार मात्र कोणी आपण होऊन ठेवत नाही.
तो हसला. त्याची उर्दू माझ्या हिंदीइतकीच मोडकी,
दोघी एकमेकींना टेकून उभ्या राहिल्या.

शुक्रवारी रात्री बेकरीमागच्या मोकळ्या जागेत
त्याने सगळ्यांना बोलावलं. प्लास्टिकच्या खुर्च्या, करक चहा,
खर्च त्याचाच, असं बेकरीवाला सांगतो.
म्हणाला, गल्लीत काय अडचण आहे, बोला.
चाळीस माणसं कपाच्या तळाशी बघत बसली.
अडचण सांगायची तर आधी नाव सांगावं लागतं,
नाव सांगितलं की खोली, खोली सांगितली की
तिथे किती जण झोपतात ते.
शेवटी यादगिरी न्हावी म्हणाला, दिवा.
कोपऱ्यावरचा दिवा दोन वर्षं बंद आहे, साहेब.

दहा दिवसांत दिवा लागला.
सायकली चोरीला जायच्या थांबल्या.
यादगिरीने त्याची दाढी फुकट केली, त्याने पैसे ठेवलेच.
फक्त मोफिज, ज्याचा बताका संपून तीन वर्षं झाली,
जो त्या अंधारातूनच कामावर जायचा-यायचा,
तो आता कचऱ्याच्या पेट्यांमागून जातो
आणि चपला हातात घेतो.
हे बैठकीत कोण बोलणार?

मग त्याचा युनिफॉर्म आला. दोन शर्ट, एक पँट.
डाव्या खिशात घडी केलेला कागद.
अरबी मला येत नाही. आकडे येतात,
कपड्यांच्या चिठ्ठ्यांवर रोज तेच असतात.
त्यांचा पाच म्हणजे आपलं शून्य.
चार. सात. नऊ. प्रत्येकापुढे एक ओळ.
खाली एक, आणि आपलं शून्य:
पंधरा. गच्चीवरची खोली. मोफिजची.
तिच्यापुढची ओळ सर्वांत लांब.

बशीरला वाचता येतं. मदरशात शिकलाय.
हाक मारली असती तर इस्त्री ठेवून आला असता.
लिहिलं असेल: ताप आहे, औषध हवं.
लिहिलं असेल: पंखा नाही.
मी हाक मारली नाही.
माणूस चांगला निघाला असता तर मला लाज वाटली असती,
नसता निघाला तर मागचा सगळा चहा कडू झाला असता.
कागद होता तसा ठेवला,
खिशाचं बटण लावलं,
शर्ट ड्रममध्ये टाकला. गरम पाणी, दोन मापं साबण.

शनिवारी तो आला. शंबे, शनिवारी.
खिशात बोट घातलं, वाळलेला पांढरा लगदा काढला,
दाराकडे बघितलं, ओळीवरून ओळ उतरत गेला,
खडूपाशी थांबला.
ही काय म्हणते?
तेच म्हणते, म्हटलं.

लगदा त्याने काउंटरवरच्या ताटलीत ठेवला, नाण्यांशेजारी.
हरकत नाही, म्हणाला,
सगळं पाठ आहे मला.

आणि कॉलरला खळ जरा कमी. मान कापते.