एक बोट ठेवून

निवृत्तीच्या दिवशी मी फौंड्रीतली जुनी चाळण मागितली.
मॅनेजर हसला. म्हणाला, घड्याळ देतोय की आम्ही.
घड्याळ कधीच बंद पडलं. चाळण अजून चालते:
वडगावच्या या गच्चीवर
तांबडी माती, कुजका पाला, थोडी वाळू,
उद्यमबागेत साच्यासाठी चाळायचो तशीच.
मुठीत दाबली तर ढेकूळ राहावं,
बोट लावलं तर फुटावं.

बी मात्र मापात येत नाही.
चाळीस वर्षं लाकडाचे पॅटर्न केले,
लोखंड आकसतं म्हणून शंभराला एक जास्त धरून.
हे तर नखावर ठेवलं की हरवतं.
लेकीनं पुण्याहून पाठवलेलं लेट्यूस, तांबडं आणि हिरवं,
शनिवारच्या बाजारातली मोहरी, मुळा, राजगिरा,
आणि शेजारच्या नीलव्वाच्या पदराच्या गाठीतलं हक्करकी:
"बैलहोंगलच्या बांधावरचं हाय," म्हणाली,
"वर वर हाका. मण्णु जास्ती नको."

भाजीवर मीठ भुरभुरावं तसं पेरलं,
फळीनं दाबलं, जेमतेम.
आईस्क्रीमच्या काड्यांवर नावं घातली,
मी मराठीत, हक्करकीचं नीलव्वानं कन्नडात.
तिसऱ्या दिवशी भोकाच्या बाटलीतून पाणी जरा जोरात पडलं.
शाई गेली.
उरलेलं काम मुंग्यांनी केलं,
या कोपऱ्यातलं बी त्या कोपऱ्यात.

पाचव्या पहाटे धुकं, समोरची टाकीसुद्धा दिसेना.
चष्मा पुसून वाकलो.
सगळ्यांना दोन दोन पानं.
मोहरीचं बदामाच्या आकाराचं,
मुळ्याचंही बदामाच्याच.
"तिसरं पान येईस्तोवर थांबा की वो,"
नीलव्वा कठड्यापलीकडून.

तिसरं आलं.
मुळ्याला करवतीचे दात,
राजगिऱ्याच्या पोटाला जांभळी,
हक्करकी मातीला चिकटून, रुसल्यासारखी.
एका रोपाचं नाव मला अजून सांगता येत नाही.

घरात अक्काताईच्या दाढा काढल्यात.
कवळी कॅम्पातल्या डॉक्टरकडून यायचीय,
पुढच्या सोमवारी, असं तीन सोमवार झाले.
तोवर नाचण्याची आंबील, मऊ भात.
कच्चा पाला पुढं केला की आजवर एकच:
"शेळी हाय काय मी?"

चोविसाव्या दिवशी तिची शिवणाची कात्री
न विचारता वर नेली.
चार बोटं वाढलेलं,
बुडाशी एक बोट ठेवून कापलं.
शेंगांचं कूट, लिंबू, तेलाचा थेंब.
हिरड्यांनी चावत राहिली, बराच वेळ.
मोहरी नाकात गेली, डोळे भरले.
"कात्रीला वास लागलाय," एवढंच म्हणाली.

पेटीतल्या बुंध्यांवर थेंब आले होते.
आठ दिवसांत परत फुटतं म्हणे.
आकसण्यासाठी किती धरायचं ते मला येतं,
फुटण्यासाठी किती, ते कुठल्या शिफ्टला शिकवलं नाही.

आज सकाळी वर आलो तर
कात्री पाइपाच्या खिळ्याला अडकवलेली
आणि पेटीची डावी कड मोकळी.
मी बुंध्याशी बोट टेकवून बघितलं.
जरा कमी भरलं.
मग लक्षात आलं,
तिचं बोट माझ्याहून बारीक आहे.