घासलेली जागा

सड्यावर चादरी दुपारच्या वाळत घालायच्या नसतात.
वारा बंदराकडून येतो,
कोळसा उतरत असतो.
हे एर्मेलिंदनं मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं
आणि दोरीवरचे चिमटे काढता काढता
परक्या भाषेत काहीतरी गुणगुणली,
नाकातून, घशातून,
बांगड्याचा काटा अडकल्यासारखं.

कॅसेट तिच्या बापाची.
कुणी फ्रेंच खलाशी
फेणीच्या दोन बाटल्यांवर देऊन गेलेला.
कव्हर नाही, बाईचं नाव नाही.
नुसता आवाज,
रात्रपाळीहून येऊन
चप्पल न काढता गायलेला,
आणि मागं एक अकॉर्डियन, दम्याचं.

लिंदा दिवसा वेर्ण्याला गोळ्यांची पाकिटं भरते,
डोक्याला जाळीची टोपी, बोलायचं नाही.
शनिवारी कोलव्याच्या हॉटेलात गाते.
अर्थ एका शब्दाचा येत नाही.
पाठ मात्र असं, की टेप जिथं घासलीय
आणि आवाज पाण्याखाली जातो
तिथं तीही बरोबर बुडते.
लोकांना वाटतं, काय जागा घेतली!

एकदा पुढच्या टेबलावरची म्हातारी उठून आली.
गाण्यातल्याच वस्तीतली निघाली.
मोडक्या इंग्रजीत सांगत राहिली:
शहर संपतं तिथली ही पोर,
गॅसच्या टाकीमागं घर,
आई लोकांचे कपडे धुते,
काजळी पडते, पुन्हा धुते.
शेवटची ट्राम चुकते.
"म्हणजे सडाच मगो हो!" लिंदा हसत सुटली,
"आमची बस पावणेनऊची."

म्हातारी हसली नाही.
म्हणाली, तुझं एक कडवं राहिलं.

टेप तिथं तुटली होती,
बापानं चिकटपट्टीनं जोडलेली.
कागदी रुमालावर चार ओळी लिहून मिळाल्या.
त्या आता बिस्किटांच्या डब्यात आहेत,
बापाच्या गोदीच्या पासाखाली.
मी विचारलं, त्या पोरीचं पुढं काय होतं?
"कोण जाणे."
फोनवर बघू या का, क्षणात कळेल.
"नको."
आणि डब्याचं झाकण
जरा जास्तच जोरात दाबलं.

अजून तसंच गाते.
दोन कडवी, मग उडी, मग शेवट.
उडीआधी हल्ली थांबते थोडी,
पेटीवाला चुकतो, रागावतो.

काल तिच्या चादरी मीच आत घेतल्या.
वारा फिरला होता
आणि ती अजून वेर्ण्याहून यायची होती.