पान एकेचाळीस ते त्रेपन्न

माझ्या कपाटात लोकांच्या भिंती आहेत,
फाईलींत, लाल फितीनं बांधलेल्या.
कुणाची नऊ इंच शेजाऱ्याच्या प्लॉटात गेलेली,
कुणाची नकाशात आहे, जागेवर नाही,
बेशाच्या लेआउटमधली एक तर तीनदा विकलेली
आणि तिन्ही खरेदीखतांवर तेच दोन साक्षीदार.

पक्षकार येतात, आधी पाणी पितात,
मग म्हणतात, मॅडम, प्रश्न पैशाचा नाही.
मी फी सांगते.

तुळशीराम ठवकर माझा पक्षकार नव्हता.
तो समोरचा.
कळमेश्वर रोडवर भुतडांचं शीतगृह त्यानं बांधलं,
संत्र्यांसाठी, चार खोल्यांचं,
आणि शेवटचं बिल अडलं.
लवादाची सुनावणी धंतोलीतल्या एका हॉटेलात,
मे महिना, कूलरला वाळा कमी आणि आवाज जास्त,
पलीकडच्या हॉलात कुणाचं तरी बारसं.
लवाद म्हणजे निवृत्त अधीक्षक अभियंता,
कानामागे हात धरून ऐकणारे.

मी ठवकरला मोजमापाची वही दाखवली.
पान एकेचाळीस ते त्रेपन्न.
यावर मालकाच्या इंजिनिअरची सही आहे?
नाई जी.
तारीख?
नाई जी.
मग हे काम झालं, कशावरून?
त्यानं माझ्याकडे असं पाहिलं
जणू मी विचारलं होतं, बाहेर ऊन आहे कशावरून.
म्याडम, भित उभी हाये ना थ्या जागी.
जाऊन पाहा. हात लावून पाहा.
सायेब उन्हाचे साइटवर येत नव्हते.
त्यायच्या सहीसाठी मी काँक्रीट थांबवून ठेवू?
थे थांबते का?

लवाद हसले. मीही, थोडं.
मग करारातलं कलम बावीस वाचून दाखवलं,
सावकाश, स्वल्पविरामांसकट.

त्याचे बारा लाख कापले गेले.
निवाड्यात एक ओळ होती:
काम झालेले दिसते, परंतु सिद्ध होत नाही.
ओळ माझीच, लेखी युक्तिवादातली, जशीच्या तशी उचललेली.
भुतडांनी संत्रा बर्फी पाठवली.
बर्फी चांगली होती.

दीड वर्षानं माझं ऑफिस गळू लागलं,
नेमकं कपाटावर.
तिघांनी येऊन छताला काळं काहीतरी फासलं, पैसे नेले.
ज्युनिअर प्रज्वल म्हणाला, एक माणूस आहे मॅडम,
पण… आणि नाव सांगताना खिडकीबाहेर बघू लागला.

ठवकर आला जुन्या लुनावर.
नमस्कार केला, स्टूल मागितला,
भिंतीला कान लावून बोटाच्या पेरानं वाजवत गेला,
डॉक्टर पाठ वाजवतात तसा.
पोकय हाये, म्हणाला. इथून थिथवर.
केसबद्दल काहीतरी बोलावं म्हणून मी तोंड उघडलं.
तो प्लास्टर फोडू लागला होता.

अकरा दिवस. रोज संध्याकाळी
शाळेच्या चौकटीच्या वहीत लांबी, रुंदी, जाडी,
आणि पेन माझ्यापुढे.
सही, म्याडम. तारीख बी टाका.
सव्वीस वर्षं साक्षीदारांचे चेहरे वाचत आले आहे,
टोमणा असता तर सापडला असता.
भुवईवर सिमेंट होतं फक्त.

शेवटच्या दिवशी एक ओळ लिहून त्यानं खोडली.
हे काय?
आतलं काम हाये जी, छताच्या सांध्याचं.
तुमी पायलं नाई. आता दिसणार बी नाई.
कायले लिवायचं?
मी म्हटलं, लिहा, मी सही करते.
तो वही पिशवीत घालत होता.
चेक त्यानं दोनदा वाचला, अक्षरी आणि अंकी,
आणि गेला. लुना तिसऱ्या किकला सुरू झाली.

भुतडांचं दुसरं शीतगृह होतंय आता, बुटीबोरीला.
करार मीच लिहिला.
कलम बावीसवर पेन थांबलं,
मी उठले, पाणी प्यायले,
कपाट थोडं सरकवून मागची भिंत वाजवून पाहिली.

कलम तसंच ठेवलंय.
भिंत कोरडी आहे.