टाकी नंबर चार

माझा डावा कान पूर्ण गेलाय, उजव्यात थोडं येतं.
एकवीस वर्षं अक्कलकोट रोडला, चार मागांच्या मधोमध.
माग भंगारात गेले तेव्हा गाजूल शेठनं विचारलं,
हिप्परग्याला टाक्यांवर राहशील का,
मासे ओरडत नाहीत, तुला बरं पडेल.

सहा टाक्या. गोल, सिमेंटच्या, वर हिरवी जाळी.
एकेकीत बाराशे चिलापी.
हवेची मोटर बघायची, खाद्य टाकायचं,
मेलेले सकाळी बादलीत वेचायचे
आणि आकडा वहीत.

मोटर मला ऐकू येत नाही,
पण कठड्यावर तळहात टेकला की येते, कोपरापर्यंत.
तशीच त्यांनाही येत असणार, अंगभर,
कारण सगळे पलीकडच्या भिंतीला दाटलेले,
एकमेकांच्या शेपट्या कुरतडत.
मी मोटरखाली जुन्या टायरचे तुकडे सरकवले.
कुणाला बोललो नाही.
तिसऱ्या दिवशी टाकीचं मधलं पाणीही
माशांनी वापरायला काढलं.

आणि चार नंबरमधला तो.
रोज तळाशी डोकं खाली, शेपूट वर,
सिमेंटवर तोंड घासायचा, घासायचा.
ओठ पांढरे पडलेले. मला वाटलं आजारी आहे,
वेगळा काढावा.
सिद्राम भोई तळ्यावरून आला होता, जाळं खांद्यावर.
वाकून बघितलं, आणि माझ्या उजव्या कानाशी येऊन म्हणाला,
"नर हाय त्यो. घर करतोय.
तळ्यात वाळूत खड्डा घेत्यात, परातीएवढा.
हितं वाळू कुठाय?"

माग बंद झाल्यावर वर्षभर बायको सांगायची,
झोपेत तुमचा हात चालतो.
तुटलेलं सूत शोधता, गाठ मारता,
आणि पुन्हा शोधता.

सायकलवर दोन घमेली वाळू आणली. सात पाण्यांनी धुतली.
कुंभाराकडून तडा गेलेले माठ, दोन रुपयाला एक.
आमच्या गल्लीतून नायलॉनच्या सुताचे गुंते,
रंग सुटतो का म्हणून रात्रभर तांब्यात भिजवून बघितले,
मग झुपके करून विटांना बांधले आणि सोडले खाली.
पाण्यात ते उभे राहिले.
मागावर सूत कधी असं सैल बघितलं नव्हतं मी.

शेठ कठड्यावर आला. "ह्यानं वजन वाढतं का?"
म्हटलं, माहीत नाही.
"मग कशाला?"
हे मला ऐकू आलं नाही असं दाखवलं.
बहिरेपणाचा तेवढा एक फायदा.

वहीत चार नंबरपुढे नवाच्या जागी तीन आले,
मग दोन, मग एकदा सातही. सात खरेच होते, खरेच लिहिले.
आणि त्यानं खड्डा केला.
वाकडा, एका बाजूला उथळ.
कुणी जवळ आलं की तोंड वासून धावून जायचा,
माझ्या सावलीवरसुद्धा.

जाळं ओढायच्या आधी सगळं बाहेर काढावं लागतं,
नाहीतर अडकतं.
ज्यानं ठेवलं त्यानंच काढावं म्हणून मी उतरलो.
झुपके, विटा. मग माठ.
एका माठात हात घातला तर आत कुणीतरी होतं.
तळहाताला कल्ल्यांची उघडझाप लागली.
मोटरपेक्षा हळू.
पळाला नाही तो. मीच थांबलो थोडा वेळ.

शेठकडे एकच मागितलं:
कोरड्या क्रेटमध्ये तडफडत टाकू नका,
डोक्यावर एक नेमका घाव, लगेच.
"बाराशेला?" तो म्हणाला.
सिद्राम काही न बोलता लाकडी दांडका घेऊन बसला.
तीनशेच्या पुढे त्याचा हात भरून आला,
मग मी घेतला. माझे दोन-चार घाव चुकले.
संध्याकाळी टेम्पो सोलापूरकडे गेला.

रिकाम्या टाकीत वाळू राहिली, मधे त्याचा खड्डा,
कडा सुकून पांढऱ्या होत चाललेल्या.
गुरुवारी नवी पिल्लं येणार, बोटाएवढी.
मी फावड्यानं वाळू सारखी केली.
ज्याचं त्यानं खणावं.