लांबून

फाटक कधी उघडेल ते नक्की कुणीच सांगत नाही,
म्हणून मी साडेसातलाच येऊन उभा.
डिकीत एक जास्तीचं हेल्मेट
आणि पुडीत उकडलेल्या शेंगा.
पहिल्या तासात हात रिकामे नसावेत,
एवढंच शास्त्र मला येतं.

नऊ वाजून दहा मिनिटांनी कचरू गांगुर्डे बाहेर आला.
अंगात पकडला त्या दिवशीचाच शर्ट,
आता गळ्याशी सैल.
सुतारखात्यातल्या चार वर्षांची मजुरी
एका खाकी पाकिटात, पाकीट बनियनच्या आत.
त्यानं रस्त्याकडे दोनदा पाहिलं, डावीकडे, उजवीकडे.
घरून कोणी येणार होतं का,
हे मग विचारावं लागलं नाही.

"तुम्ही कशाला आलात?"

खरं उत्तर असं, की सात वर्षांपूर्वी
मी निघालो याच फाटकातून
तेव्हा समोर फक्त एक कुत्रं होतं.
त्यानं मला हुंगलं आणि ते निघून गेलं.
बसस्टॉप चारशे पावलांवर.
मी दोनशे दहा मोजली.
तिथं एक शटर अर्धं वर होतं.

मी म्हणालो, "इकडं काम होतं जरा."

"बिटकोवरून जवळ पडेल ना?"
"लांबून जाऊ. दसकवरून."
तो काही बोलला नाही. हेल्मेटची पट्टी लावली,
बोटं अगदी स्थिर.
आत सुटते, म्हणतात लोक.
आत माणूस सुटायची वाट बघतो,
आणि बाहेर आला की सुटला म्हणून पेढे.
एकाच शब्दानं आम्हाला किती वेळा फसवलंय!

दसकच्या पुलावर गोदावरी पातळ, उन्हाळी,
काठाला कुणीतरी गोधड्या आपटत होतं.
तो मागून म्हणाला, "पाणी दिसलं."
बस, एवढंच.
मी गाडी हळू केली.

नांदूर नाक्याला सिग्नल लागला
आणि पुढं एक पिकअप थांबलेला,
मागं क्रेटमध्ये द्राक्षं, बाजारातून परतलेली,
दोन दिवस उन्हात आंबलेली.
फाळक्यातून रस गळत होता थेंब थेंब डांबरावर,
त्यावर माश्या.

तो वास.

सात वर्षं मी दर मंगळवारी
लोकांना सांगत आलोय की वास येतो, जातो,
आपण फक्त उभं राहायचं.
आता माझी जीभ कोरडी पडली
आणि क्लचवरचा हात माझा राहिला नाही.
मनात एक पत्ता आपोआप उघडला,
नाक्यापासून तिसरी गल्ली, निळा दरवाजा.
मी विसरलो नव्हतो. मी तिकडं बघणं सोडलं होतं.

मागचे हॉर्न मला ऐकूच आले नाहीत.

खांद्यावर एक हात पडला,
रंध्याचे घट्टे असलेला, जड.
"दादा,
सिग्नल सुटला."

पंचवटीतल्या शाळेत आमची सभा,
तिसरीचा वर्ग, बाकं गुडघ्यांना पुरत नाहीत.
फळ्यावर अर्धवट पुसलेला सातचा पाढा.
शकीला आपा आधीच आलेली,
तिच्या मुलाला अकरा महिने झालेत जाऊन,
ती तरी येते, चहा तिचाच असतो.

कचरूनं पाकीट काढून माझ्यापुढं धरलं.
"तुमच्याकडं ठेवा. माझ्या खिशाचा भरवसा नाही."

मी हात पुढं केला
आणि मागं घेतला.
"आज माझ्याही नाही," मी म्हणालो.
आंबलेल्या द्राक्षांचं सगळं सांगितलं, निळ्या दरवाजासकट.
खुर्चीवरचे दोघे नवे माझ्याकडं बघत राहिले,
जसं कुणी मास्तरला नापास झालेलं बघावं.

आपानं पाकीट घेतलं.
नोटा दोनदा मोजल्या, थुंकी लावून,
वहीत आकडा लिहिला, कचरूची सही घेतली.
मग माझ्या स्कूटरची किल्ली मागितली, तीही ठेवली
त्याच डब्यात, साखरेच्या शेजारी.

"आता दोघं चालत घरी जा," ती म्हणाली,
"बोलत जा.
आणि लांबून."