दुसरी प्रत

आजोबा ब्राच बेटावरून सोन्यासाठी आले,
सापडला कोळसा.
पुंता अरेनासच्या वाऱ्यानं तिसऱ्याच दिवशी टोपी नेली,
परत जायचा विषय मग घरात कुणी काढला नाही.

आई चिलोएची. बटाट्याच्या अकरा जाती
नावानिशी ठाऊक, अक्षर एक नाही.
बाप क्रोएशियनमध्ये शिव्या द्यायचा,
आई आपल्या भाषेत गप्प राहायची.
झ्देन्का दोन्ही शिकली.

सोळाव्या वर्षी बसली लोकर निवडायला,
डोळे मिटून, चिमटीत एक धागा.
मग दाताच्या डॉक्टरकडे.
तीच बोटं, आता परक्या जबड्यांत.
मग नवरा. "अडीच वर्षं," एवढंच सांगते,
जणू तीही नोकरीच.

बंदराच्या रेडिओवर असताना
एका रात्री धुक्यातून कुणी ओरडत होतं,
ना स्पॅनिश, ना इंग्रजी.
कान टवकारले तर बापाचा हेल!
वाक्यं येत नव्हती, शिव्या येत होत्या.
त्यांतच डावं-उजवं पेरत
तिनं ती बोट खडकांपासून वळवली.
पलीकडे आधी शांतता,
मग कुणीतरी रडत हसलं.

त्यानंतर शाळेची बस, आठ हिवाळे.
आणि इस्पितळात रात्रपाळी,
मरणाऱ्यांच्या उशाशी. तिथे आईची भाषा चालली.

आता एकाहत्तर. माझ्या शेजारी राहते.
काल फाटकापाशी मी नवा स्वेटर दाखवला,
चांगला महागातला.
तिनं डोळे मिटले, बाही चिमटीत धरली.
"दुसरी प्रत," म्हणाली.
"पण थंडीला काय कळतंय."