दहा म्हणेपर्यंत

घणसोलीच्या मैदानात सकाळी सहाला
मॅटवर दव असतं, आणि रात्रीच्या
क्रिकेटवाल्यांच्या बाटल्या.
आधी त्या उचलायच्या. मग ओळ.
मग मी म्हणतो : हात कपाळावर.

अकरा पोरी, चौदा-पंधराच्या,
कपाळाला तळवा लावून उभ्या,
जशा स्वतःचाच ताप बघतायत.
हातानं डोकं मागं रेटायचं,
मानेनं हलायचं नाही.
दहा म्हणेपर्यंत.
मग मागून. मग डावा कान. मग उजवा.

पहिला आठवडा नुसता खिदळण्यात गेला.
कस्तुरी म्हणाली, सर, खाडीत ते रोहित येतात,
एवढ्या लांब माना, त्यांचं कसं होत असेल?
म्हटलं, ते कबड्डी खेळत नाहीत.

आफरीनच्या अम्मीनं फाटकाशी गाठलं :
गर्दन मोटी झाली तर कशी दिसेल पोरगी?
मला काही सुचेना.
तेवढ्यात हर्षालीची आई पुढं आली,
दिवाळ्याहून बाजाराला जाता जाता,
डोक्यावरची पाटी न उतरवता :
बाय, यीस वरसं वायली ही.
बघ माझी मान. कोन काय बोल्लाय?

हे सगळं मी उशिरा शिकलो.
तुर्भ्याला, नगरसेवक चषकाच्या उपांत्य फेरीत
भूपेशच्या चढाईवर पकड पडली
आणि दोन डोकी नारळासारखी वाजली.
उठला. मी विचारलं, गुण किती?
त्यानं बरोब्बर सांगितले.
डोक्यावर तांब्याभर पाणी,
पाठीवर थाप,
आणि परत आत.
थाप माझी होती.
जिंकलो आम्ही.
हार घालताना त्यानं तीनदा विचारलं,
सर, मॅच किती वाजता आहे?
सगळे हसले. मीही.

मग दोन महिने त्याला ट्यूबलाइट सोसेना.
दहावीचा भूगोल त्याला बहीण वाचून दाखवायची,
पडदे ओढून, हळू आवाजात,
तरी मध्येच तो कान झाकून घ्यायचा.
आता बरा आहे. महाप्याला एका गोदामात
खोकी मोजतो.
नाक्यावर भेटला तर मान हलवतो,
आणि मी त्या मानेकडे बघत राहतो.

वाशीच्या फिजिओबाईंनी डब्यातलं दही हलवून दाखवलं :
डबा फुटत नाही हो, आतलं मोडतं.
मान घट्ट असली की डबा कमी हिसकतो.
कमी, म्हणाल्या.
हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला.

या पोरींना घरी, गल्लीत, लग्नकार्यात
मान खाली घालायला शिकवलेलं.
त्या खाली घालण्याचा सराव पक्का, दहा वर्षांचा.
आणि मी सकाळी सहाला ओरडतो,
कुणाच्या हातानं हलू नका,
स्वतःच्यासुद्धा.
कुणी एक आजोबा चालता चालता थांबून ऐकतात
आणि मान डोलावतात. कशाला, कोण जाणे.

शेवटचा व्यायाम मानेचा नाही.
हात वर करायचा आणि मोठ्यानं म्हणायचं :
सर, गरगरतंय.
यालाच सगळ्यात जास्त दिवस लागले.
चढाईत सिंहिणी असलेल्या पोरी
हे वाक्य ओढणीत पुटपुटायच्या.
पुन्हा. मोठ्यानं. पुन्हा.

परवा ठाण्याला, जिल्ह्याच्या सामन्यात,
आम्ही एका गुणानं मागं, चार मिनिटं बाकी,
हर्षालीचं डोकं कुणाच्या तरी गुडघ्यावर आपटलं.
मान तिची ताठ होती, मी पाहिलं.
तरीही ती उठताना क्षणभर
रेषा शोधत होती.
मग हात वर.
सर. गरगरतंय.

पाठीमागून कुणीतरी म्हणालं, अहो, चारच मिनिटं.
लोण बसला आमच्यावर. हरलो.
ती माझ्याजवळ बाकावर,
दिव्यांमुळे डोळ्यांवर टॉवेल घेऊन,
रडत होती की नाही, कळलं नाही.

गुण मी विचारले नाहीत.
विचारलं, आईचं नाव काय?
तिनं टॉवेलाखालून पूर्ण सांगितलं,
हळूहळू, माहेरच्या आडनावासकट.